नावाचा खरा अर्थ नेमका कोणता?

प्रश्न थोडक्यात असा: मुलीसाठी 'कियारा' हे नाव मनात आहे. एका यादीत त्याचा अर्थ 'तेजस्वी' दिला आहे, दुसरीत 'काळी', तिसरीत 'देवाने दिलेली'. यातला खरा कोणता? आणि जगभरच्या नावांमध्ये जे साम्य दिसतं ते एकाच मुळामुळे की योगायोगाने?

आधी कियाराबद्दल. इटालियन 'कियारा' हे लॅटिन 'क्लारा'चं रूप. अर्थ स्वच्छ, उजळ, नामांकित. असिसीची संत क्लारा (११९४ ते १२५३) इटलीत कियारा म्हणूनच ओळखली जाते. आयरिश भाषेत रोमन लिपीत जवळपास तसंच लिहिलं जाणारं, पण 'कीरा'च्या जवळ उच्चारलं जाणारं एक वेगळं नाव आहे. ते काळेपणा दाखवणाऱ्या शब्दावरून आलं आहे, बहुधा काळ्याभोर केसांवरून. म्हणजे 'तेजस्वी' आणि 'काळी' हे दोन्ही अर्थ बरोबर आहेत, फक्त ते एका नावाचे नसून दोन नावांचे आहेत. 'देवाने दिलेली' या अर्थाला मात्र दोन्हीकडे काहीच आधार नाही. तुम्ही 'कियारा' असा उच्चार करणार असाल तर तुमचं नाव इटालियन वाटेने आलेलं आहे, आणि अर्थ उजळ.

नावांचा अभ्यास करताना मी एक गोष्ट कायम वेगळी ठेवते. 'नावाचा अर्थ' म्हणताना लोक तीन गोष्टी एकत्र करतात: ते नाव ज्या शब्दापासून घडलं तो शब्द, ते नाव बाळाला देण्यामागचं कारण, आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्या नावाने जागं होणारं काही. याद्या फक्त पहिली गोष्ट सांगतात, तीही अनेकदा चुकीची. प्रत्यक्षात माणसं नाव ठेवतात ती बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीमुळे.

याद्या किती घसरतात याची दोन उदाहरणं पुरेत. 'आरव' या नावाचा अर्थ बहुतेक याद्या 'शांत' असा देतात. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, गलबला, आक्रोशसुद्धा. अर्थ थेट उलटा झाला आहे. नाव म्हणून ते गोड आहे, ठेवायलाही हरकत नाही, पण 'शांत' म्हणून ठेवू नका. दुसरं 'व्हॅनेसा'. याद्या म्हणतात, ग्रीक भाषेत फुलपाखरू. हे नाव लेखक जोनाथन स्विफ्टने आपल्या एस्थर नावाच्या मैत्रिणीसाठी घडवलं. तिच्या आडनावातलं 'व्हॅन' आणि एस्थरचं लाडकं रूप 'एसा' यांची जोड. ते नाव असलेली स्विफ्टची कविता १७२६ साली छापली गेली. फुलपाखरांच्या एका प्रजातीला फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने व्हॅनेसा हे नाव दिलं ते १८०७ मध्ये. म्हणजे फुलपाखराला नाव मिळालं तेव्हा बाईंचं नाव जुनं झालेलं होतं.

आता साम्याबद्दल. मला या विषयात सगळ्यात जास्त आनंद देणारा भाग हाच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

संस्कृत, इराणी, ग्रीक, जर्मानिक (जर्मन, इंग्रजी वगैरे), स्लाव्ह (रशियन, पोलिश वगैरे) या भाषा एका कुळातल्या आहेत, आणि या कुळाची जुनी नावं घडवायची रीतही सामाईक आहे: दोन शब्द जोडायचे, आणि ते शब्द ठरावीक साठ्यातून घ्यायचे. कीर्ती, घोडा, देव, विजय, युद्ध, लांडगा, तेज. कीर्तीचंच घ्या. संस्कृतात 'श्रवस्' म्हणजे कीर्ती, जे ऐकलं जातं ते. 'सुश्रवस्' म्हणजे चांगली कीर्ती असलेला. याच नावाचं अवेस्ती (पारशी धर्मग्रंथांच्या जुन्या इराणी भाषेतलं) रूप पुढे फारसीत घासून घासून 'खुसरो' झालं. ५३१ ते ५७९ या काळात राज्य करणारा इराणचा सासानी सम्राट खुसरो आणि चौदाव्या शतकापर्यंत कविता लिहिणारा अमीर खुसरो या दोघांच्या नावात तोच सुश्रवस् आहे. ग्रीक भाषेत 'श्रवस्'चा भाऊ 'क्लेओस'. पेरिक्लीस, सोफोक्लीस, थेमिस्टोक्लीस यांच्या शेवटी येतो तो हाच. स्लाव्ह भाषांत तो 'स्लाव्ह' होतो: मिरोस्लाव्ह, स्टानिस्लाव्ह. जर्मानिक भाषांत आपल्या 'श्रुत'चा भाऊ 'ह्लुद' असा दिसतो, आणि त्याला युद्धवाचक 'विग' जोडून लुडविग तयार होतं. फ्रान्सचे सगळे लुई आणि इ.स. ५११ मध्ये वारलेला फ्रँक (जर्मानिक टोळीचा) राजा क्लोव्हिस हे त्याच लुडविगचे अवतार. खुसरो, पेरिक्लीस, मिरोस्लाव्ह, लुई. कानाला एकही दुसऱ्यासारखं लागत नाही, आणि चौघांच्या पोटात एकच धातू आहे.

घोड्याचंही तसंच. ग्रीक 'हिप्पोस', अवेस्ती 'अस्प', संस्कृत 'अश्व' ही सख्खी भावंडं. फिलिप म्हणजे ज्याला घोडे प्रिय आहेत तो. फारसी परंपरेतले जामास्प, गुश्तास्प हे राजपुरुष शेवटी अस्प घेऊन येतात. सॉक्रेटिसच्या बायकोचं नाव झांथिप्पे, म्हणजे पिवळसर घोड्याची. आणि इंद्राचं एक विशेषण 'हर्यश्व', पिंगट घोड्यांचा. इराणचा दारयवहुश (इ.स.पू. ५२२ ते ४८६), ज्याला ग्रीकांनी दरायस केलं, त्याचं नाव संस्कृत वाचकाला अजून सोपं आहे: 'धारय' आणि 'वसु'. जे चांगलं आहे ते धरून ठेवणारा.

पण इथेच एक सावधगिरी हवी. दोन शब्द जोडले म्हणून त्यांचं वाक्य होत नाही. इ.स. ५९७ मध्ये वारलेली फ्रँक राणी फ्रेडेगुंड. 'फ्रेडे' म्हणजे शांती, 'गुंड' म्हणजे युद्ध. 'शांतीयुद्ध' असा अर्थ काढायला कितीही डोकं चालवलं तरी हाती काही लागत नाही, कारण तो अर्थ कोणी घातलेलाच नव्हता. इंग्लंडमध्ये ११व्या शतकात वूस्टरचा बिशप वुल्फस्टन होऊन गेला. 'लांडगा' आणि 'दगड'. त्याच्या आईचं नाव वुल्फगिफू, वडिलांचं आथेलस्टन. आईच्या नावाचा पहिला तुकडा, वडिलांच्या नावाचा दुसरा. ते नाव सांगत होतं की हा मुलगा या दोघांचा आहे. लांडग्याचा आणि दगडाचा तिथे काहीही संबंध नाही. आजच्या याद्या मात्र अशा नावापुढे बेधडक 'लांडग्यासारखा खंबीर' लिहून मोकळ्या होतात.

साम्याचा दुसरा प्रकार म्हणजे अर्थ तोच, नातं नाही. 'देवाने दिलेला' हा विचार इतक्या लोकांना इतक्या ठिकाणी सुचला आहे की त्याची यादी संपत नाही. संस्कृत देवदत्त. ग्रीक थिओडोर, आणि तेच दोन तुकडे उलटे लावले की डोरोथी. लॅटिन आदेओदातुस, संत ऑगस्टीनच्या मुलाचं नाव. स्लाव्ह बोगदान. फारसी खुदादाद. अरबी अताउल्लाह. हिब्रूत तर नॅथानिएल, जोनाथन आणि मॅथ्यू ही तिन्ही याच अर्थाची. देव बदलला की नावही बदलतं: इसिस देवीने दिलेला तो इसिडोर, मित्र देवाने दिलेला तो काळ्या समुद्राकाठच्या पाँटसचा राजा मिथ्रिडेटिस. यातल्या काही भाषा एकमेकींच्या नात्यातल्या आहेत, काही नाहीत, पण मूल हातात घेतलेल्या आईबापांच्या मनात येणारी गोष्ट सगळीकडे तीच होती.

तिसरा प्रकार अर्थ, नातं सगळंच वेगळं, फक्त आवाज सारखा. 'मीरा' म्हटलं की आपल्याला मीराबाई आठवते. स्लाव्ह देशांत मीरा हे मिरोस्लावासारख्या नावाचं आखूड रूप असतं, आणि लॅटिनमध्ये 'मिरा' म्हणजे विस्मयकारक. 'लीला' आणि 'लैला' यांचा काही संबंध नाही, लैला अरबी रात्रीवरून आलेली. नाओमी हिब्रूत आहे आणि जपानीतही आहे, दोन्ही स्वतंत्र. याउलट 'तारा', फारसी 'सितारा' आणि लॅटिन 'स्टेला' या खऱ्याखुऱ्या बहिणी आहेत. म्हणून कानावर विसंबू नका. सारखं ऐकू येणं हा नात्याचा पुरावा नाही, आणि वेगळं ऐकू येणं हा परकेपणाचाही नाही.

अरबी आणि हिब्रू नावं वेगळ्या पद्धतीने उघडावी लागतात. तिथे तीन व्यंजनांचा धातू असतो आणि स्वर बदलत जातात. ह-म-द या धातूचा अर्थ स्तुती. त्यातून मुहम्मद, अहमद, महमूद, हमीद, हमीदा, हामिद. एकाच घरात ही सगळी नावं सापडू शकतात आणि प्रत्येकाची छटा निराळी असते. 'अब्द' म्हणजे सेवक, आणि त्यापुढे ईश्वराचं एखादं नाव यावंच लागतं: अब्दुल्लाह, अब्दुर्रहमान, अब्दुल करीम. नुसतं 'अब्दुल' म्हणजे '...चा सेवक' असं अर्धं तुटलेलं नाव. शिवाय जुन्या पद्धतीत एका माणसाच्या नावाचे अनेक थर असतात. स्वतःचं नाव, 'अमक्याचा बाप' किंवा 'अमक्याची आई' (अबू बक्र, उम्म कुल्सूम), वंश, उपाधी, गाव किंवा टोळी. आदराने हाक मारायची तर पुष्कळदा बापपणाचं किंवा आईपणाचं नाव वापरतात. त्यामुळे 'अबू'ने सुरू होणारं नाव जन्मनाव समजून त्याचा अर्थ शोधत बसणं फुकट जातं.

हिब्रू 'योहानान' म्हणजे यहोवाने कृपा केली. ग्रीकमध्ये ते योआनेस, लॅटिनमध्ये योहानेस, आणि तिथून पुढे जॉन, ज्याँ, हुआन, जिओव्हानी, इव्हान, यान, हान्स, शॉन, इयन, हंगेरीत यानोश, आर्मेनियात होव्हानेस. स्त्रियांमध्ये जेन, जोन, जोहाना. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं नाव कुराणात यह्या असं येतं. आता विचार करा, एखाद्या स्पॅनिश घरात मुलाचं नाव हुआन ठेवताना हिब्रूतली 'कृपा' कोणाच्या मनात असते? नाव तिथवर पोचलं ते बाप्तिस्मा देणारा योहान आणि प्रेषित योहान यांच्यामुळे. घरात आता राहिलं आहे ते बहुधा आजोबांमुळे. जगातली बहुसंख्य नावं अशीच फिरतात, माणसाच्या खांद्यावर बसून. १०६६ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, आणि दोनेक शतकांत आथेलरेड, वुल्फस्टन मागे पडून विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड सगळीकडे झाले. त्या नावांतले शब्द कोणी तपासले नव्हते. राज्यकर्त्यांची नावं होती, एवढं पुरे होतं. मृत नातलगाचं नाव ठेवायचं की हयात आजीआजोबांचं, यावर ज्यू समाजातही दोन रिवाज आहेत: अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या) घराण्यांत दिवंगतांचं ठेवतात, सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या) घराण्यांत हयात आजोबांचं नाव नातवाला देणं हा सन्मान मानतात. दोन्हीकडे नावाचा अर्थ म्हणजे ती व्यक्ती.

काही परंपरांमध्ये नाव गुण सांगतच नाही, जागा सांगतं. घानातल्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव मिळतं. शुक्रवारी जन्मला तो कोफी, शनिवारी क्वामे. मुलगी असेल तर शुक्रवारची अफुआ, शनिवारची अमा. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८चा, आणि तो शुक्रवारच होता. बाली बेटावर पहिलं मूल वायान, दुसरं माडे, तिसरं न्योमान, चौथं केतुत, आणि पाचवं झालं तर पुन्हा वायानपासून सुरुवात, मुलगा असो वा मुलगी. रोममध्ये क्विंटस म्हणजे पाचवा, सेक्स्टस म्हणजे सहावा, आणि मुलींना बहुतेक फक्त कुळाचंच नाव: ज्युलियस सीझरच्या दोन्ही बहिणी ज्युलिया, आत्या ज्युलिया, मुलगीही ज्युलिया. नायजेरियातल्या योरुबा लोकांत जुळ्यांपैकी आधी जन्मणारा ताइवो, म्हणजे जगाची चव आधी घेणारा, आणि मागून येणारा केहिंदे. पण थोरला मानतात तो केहिंदेला, कारण त्यानेच धाकट्याला जग कसं आहे ते बघायला पुढे पाठवलं अशी समजूत आहे. घरात आजोबा गेल्यावर जन्मलेला मुलगा बाबातुंदे, म्हणजे बाप परत आला. अशा नावांचा अर्थ त्या घराच्या इतिहासाबाहेर काढलात तर फारसं काही उरत नाही.

आता जी नावं याद्यांमध्ये कधी येत नाहीत त्यांच्याबद्दल. मला ही सगळ्यात महत्त्वाची वाटतात. मुलं जगत नव्हती त्या काळात, आणि काही ठिकाणी अजूनही, आईबाप मुद्दाम वाईट किंवा क्षुल्लक नाव ठेवत आले, मृत्यूची नजर पडू नये म्हणून. मंगोलियात नेरगुई म्हणजे 'नाव नाही', एनेबिश म्हणजे 'हा नव्हे', तेरबिश म्हणजे 'तो नव्हे', ख्युनबिश म्हणजे 'माणूस नव्हे'. दाराशी आलेल्या अरिष्टाने विचारलं तर त्याला मिळणारी ही उत्तरं आहेत. मराठीतले दगडू आणि धोंडू त्याच जातीचे. योरुबात पुन्हापुन्हा मूल गेल्यावर झालेल्या बाळाला मालोमो म्हणतात, 'पुन्हा जाऊ नकोस'. तुर्की भाषेत दुरसुन म्हणजे 'राहू दे', याशार म्हणजे 'जगतो'. चीनमध्ये हान काळातला सेनापती हुओ छूपिंग, ज्याच्या नावाचा अर्थ आजार दूर झाला, आणि बाराशेहून अधिक वर्षांनी झालेला कवी शिन छीजी (११४० ते १२०७), ज्याच्या नावाचा अर्थही रोग टाकून दिला असाच. हुओ छूपिंग जेमतेम चोविशीच्या आतबाहेर वारला. अशा नावाच्या माणसाला 'असलं कसलं नाव' म्हणून हसणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. एवढं प्रेम आणि एवढी भीती एका शब्दात भरलेली नावं दुसरीकडे कुठे नाहीत.

पूर्व आशियातल्या नावांबाबत एकच नियम लक्षात ठेवा: चित्रलिपी पाहिल्याशिवाय अर्थ सांगू नका. जपानी 'युकी' एका चिन्हाने लिहिली तर बर्फ, दुसऱ्याने सुख, तिसऱ्या जोडीने 'आशा असलेली'. रोमन किंवा देवनागरीत लिहिलेल्या युकीचा अर्थ तिचा तिलाच ठाऊक. उलट बाजूने, चिन्ह दिसलं तरी उच्चार कळेलच असं नाही. म्हणून जपानच्या कुटुंबनोंदणीत २६ मे २०२५ पासून नावाचा उच्चारही लिहिणं कायद्याने आलं, त्याआधी तशी सक्ती नव्हती. चीनमध्ये सम्राटाच्या नावातलं चिन्ह इतरांनी वापरायचं नाही असा दंडक होता. इ.स. २५ ते ५७ मधला सम्राट क्वांगवू याचं जन्मनाव लिऊ शिऊ, म्हणून 'शिऊत्साय' ही विद्वानांची पदवीच बदलून 'माओत्साय' करावी लागली होती.

राजकारणही नावात उतरतं. चीनमध्ये १९४९ नंतर 'जिआनकुओ', म्हणजे देश उभारा, हे नाव भरभरून ठेवलं गेलं. सोव्हिएत संघात व्लादिमीर लेनिनवरून व्लादलेन आलं, आणि मुलींसाठी लेनिन उलटं वाचून निनेल. फ्रान्समध्ये १८०३च्या कायद्याने संतांच्या दिनदर्शिकेतली आणि प्राचीन इतिहासातली नावंच चालत. त्यातून खरी मोकळीक मिळाली १९९३ मध्ये. आइसलँडमध्ये १९९१ पासून नाव-समिती आहे, नवं नाव त्यांच्या व्याकरणाच्या विभक्तींत बसतं का ते ती तपासते.

मग स्वतः तपासायचं कसं? माझा क्रम असा. सगळ्यात आधी नाव कुठल्या भाषेचं ते नक्की करा, कारण भाषा न सांगता अर्थ सांगणारी नोंद वाचण्याच्या लायकीचीच नसते. मग त्या भाषेच्या मोठ्या शब्दकोशात मूळ शब्द शोधा. संस्कृत नाव असेल तर मोनियर-विल्यम्सचा कोश किंवा आपटे कोश पुरतो, आणि तो शब्द तिथे नसेल तर नाव संस्कृत असल्याचा दावा तूर्त बाजूला ठेवा. त्यानंतर हे नाव सर्वांत आधी कोणत्या माणसाचं किंवा कोणत्या पात्राचं होतं ते पाहा. व्हॅनेसासारखं प्रकरण इथेच पकडलं जातं. 'सुंदर', 'यशस्वी', 'देवाची कृपा' असे कुठल्याही नावाला चिकटवता येणारे अर्थ दिसले की संशय घ्या, कारण खरी व्युत्पत्ती बहुधा त्यापेक्षा खरखरीत असते: घोडा, काळा, पाचवा, दगड. आणि ज्या भाषेतलं नाव घेता आहात ती बोलणाऱ्या एखाद्या माणसाला ते मोठ्याने उच्चारायला सांगा. लिहिलेल्या रूपावरून निवडलेलं नाव त्या भाषेत पुरुषाचं निघतं, आडनाव निघतं, किंवा आपण करतो तो उच्चार तिथे कोणीच करत नाही असं कळतं. हे बाळाच्या जन्माच्या नोंदीआधी कळलेलं बरं, कारण दाखल्यावर गेलेलं अक्षर नंतर बदलणं बहुतेक देशांत वेळखाऊ काम आहे.